दोन चाकांचा तंटा



चाकाचा शोध हा मानवी संस्कृतीचा पाया होय, असें आपण शाळेंत शिकलों व शिकविलेंही. परंतु एका चाकाची गाडी होत नाहीं. आणि दोन चाकें एकत्र आलीं कीं त्यांच्यांत तंटा उद्भवतो, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. हा तंटा कोणता, तो मिटविण्यासाठीं निरनिराळ्या देशांतील कारागिरांनीं दोन शतकें कशी खटपट केली, आणि तो आज एका खेळण्यांत कसा उघड्या डोळ्यांनीं पाहावयास सांपडतो, हें मी आज थोडक्यांत सांगणार आहें. तें खेळणें म्हणजे रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविला जाणारा, हातभर लांबीचा ट्रक. खेळण्याचें नांव ऐकून कोणीं हसूं नये. मोठ्या मोटारीच्या पोटांत जें आपल्या दृष्टीस कधीं पडत नाहीं, तें या लहानग्या गाडींत चार स्क्रू काढले कीं तळहातावर घेतां येतें.

प्रथम तंट्याचें मूळ पाहूं. गाडी सरळ चालली असतां दोन्ही बाजूंचीं चाकें सारखेंच अंतर कापतात. पण ती वळूं लागली कीं बाहेरच्या चाकाचें वर्तुळ मोठें व आंतल्या चाकाचें लहान होतें. समजा, दोन चाकांमध्यें पांच फुटांचें अंतर आहे. गाडीनें एक पूर्ण वळसा घेतला तर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें ३१ फूट अधिक चालतें. मौज अशी कीं वळसा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो वळशाच्या त्रिज्येवर अवलंबून नसून केवळ दोन चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो. ज्यांना परिघाचें सूत्र आठवत असेल त्यांनीं कागदावर मांडून पाहावें. दहा इंच रुंदीच्या खेळण्यांतील ट्रकालाही हाच नियम लागू आहे. तेथें हा फरक सुमारें ६३ इंचांचा येतो.

आपल्या बैलगाडीस या फरकाचा त्रास होत नाहीं. तिचा आंस स्थिर असतो आणि चाकें त्याच्या दोन टोकांवर आपआपल्या मर्जीनें फिरतात. बैल ओढतात ती गाडी, चाकें नव्हेत. म्हणून एक चाक भरभर व दुसरें सावकाश फिरलें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आगगाडीची गोष्ट वेगळी. तिचीं दोन चाकें एकाच आंसावर पक्कीं बसविलेलीं असतात. परंतु त्यांची धाव किंचित् शंकूच्या आकाराची असल्यानें वळणावर तीं सरकून बाहेरचें चाक मोठ्या व आंतलें लहान घेरावर चालतें. खरी अडचण आली ती जेव्हां मनुष्यानें बैल सोडून दिले, रूळही सोडून दिले, आणि एंजिनानें थेट चाकांनाच फिरविण्याचें मनांत आणलें तेव्हां. दोन्ही चाकें एकाच आंसाला जखडलीं तर वळणावर एक चाक फरफटतें. एकच चाक एंजिनास जोडलें तर गाडी एका अंगानें ओढली जाते. चाकांना शक्ति तर दोघांनाही द्यावयाची, पण स्वातंत्र्यही ठेवावयाचें, असा हा पेंच होता.

या पेंचाचें उत्तर म्हणजे इंग्रजींत ज्याला डिफरन्शियल म्हणतात तें दंतचक्रांचें जुळवून आणलेलें यंत्र. आपण त्यास गतिभेदक म्हणूं. त्याचें तत्त्व तराजूच्या दांडीवरून चांगलें समजतें. तराजूची दांडी मधोमध धरून वर उचलली असतां दोन्ही पारडीं वर येतात. एक पारडें थोडें अडलें तर दुसरें तेवढेंच अधिक वर जातें. दोहोंची सरासरी मात्र हाताच्या उंचीइतकीच राहते. गतिभेदकांत दोन चाकांच्या अर्ध्या आंसांच्या टोकांस तिरकस दांत्यांचीं दोन चक्रें समोरासमोर बसविलेलीं असतात, आणि त्यांच्या मध्यें, दोहोंशीं दांते जुळवून, एक लहान चक्र असतें. हें लहान चक्र एका पेटीवर बसविलेलें असून एंजिन फिरवितें ती पेटी. गाडी सरळ असतांना लहान चक्र स्वतःभोंवतीं मुळींच फिरत नाहीं. पेटीबरोबर नुसतें वाहून नेलें जातें. वळण आलें कीं तें स्वतःभोंवतीं फिरूं लागतें, आणि एका चाकाचे जितके फेरे कमी होतात तितकेच दुसऱ्याचे वाढतात. हीच ती तराजूची दांडी. फक्त ती गोल होऊन अखंड फिरणारी झाली आहे.

या युक्तीचा जनक कोण, या प्रश्नाचें उत्तर देतांना इतिहासकारास फार जपावें लागतें. कित्येक ग्रंथांत हा मान प्राचीन चीनला दिलेला आढळतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत मा जुन नांवाच्या चिनी यंत्रज्ञानें एक रथ बनविला. रथ कोठेंही वळला तरी त्यावरील पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राही, असें जुन्या चिनी लेखांत नमूद आहे. १९४७ सालीं जॉर्ज लँचेस्टर या इंग्रज मोटार-तज्ज्ञानें अशी कल्पना मांडली कीं या रथांत गतिभेदक असावा. तसा रथ बनवितां येतो ही गोष्ट खरी. परंतु मूळचा एकही रथ शिल्लक नाहीं, आणि बनवितां येतो म्हणून तो तसाच बनविला होता असें सिद्ध होत नाहीं. दुसरा दावा ग्रीसचा. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजांतून १९०१ सालीं कांशाच्या दंतचक्रांचें एक प्राचीन यंत्र वर आलें. डेरेक प्राइस या पंडितानें १९७४ सालीं त्यांत गतिभेदक असल्याचें प्रतिपादन केलें, आणि तें बरींच वर्षें प्रमाण मानलें गेलें. पुढें अधिक सूक्ष्म क्ष-किरणांनीं त्या यंत्राचें अंतरंग पाहतां तेथें ग्रहगतींचें अद्भुत गणित आढळलें, पण गतिभेदकाचें मत सोडून द्यावें लागलें. पुराव्यापुढें आवडतें मत बाजूस ठेवणें हेंच इतिहासाचें खरें शिक्षण होय.

निश्चित पुरावा मिळतो तो अठराव्या शतकापासून. १७२० सालीं जोसेफ विल्यमसन या इंग्रज घड्याळजीनें घड्याळांत ही रचना योजिली. १८२६ सालीं हेन्री हौल्ड्सवर्थ यानें ती कापूस कातण्याच्या यंत्रांत आणली. कांडीवर जाड सूत जसजसें गुंडाळलें जातें तसतशी कांडी फुगते, आणि तिचा वेग हळूहळू बदलला नाहीं तर सूत तुटतें. तो वेग बदलण्याचें काम गतिभेदकानें केलें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापिल्यावर विलायतेंतून जीं यंत्रें या देशांत येऊं लागलीं, त्यांच्या जातींत या युक्तीचा प्रवेश आधींच झालेला होता. म्हणजे रस्त्यावर मोटार दिसण्यापूर्वीं कित्येक वर्षें मोटारीचें हें मर्म गिरणींतील यंत्रांना ठाऊक होतें.

चाकांच्या तंट्यावर हा उपाय प्रथम लागू केला तो ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें. पॅरिसच्या कला व उद्योग संस्थेंत काम करणाऱ्या या गृहस्थानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं त्याचें पेटंट घेतलें. पाठोपाठ १८३२ सालीं मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यानें इंग्लंडांत तसेंच पेटंट घेतलें. सूत कातण्याचें स्वयंचलित यंत्र बनविणारा रॉबर्ट्स तो हाच. परंतु वाफेच्या जड गाड्या रस्त्यावर फारशा रुजल्या नाहींत, आणि युक्ति कागदांतच राहिली.

ती लोकांत आली सायकलीच्या मार्गानें. कॉव्हेंट्री गांवच्या जेम्स स्टार्ली यानें १८७७ सालीं तीनचाकी सायकलीस गतिभेदक बसविला. त्याची आख्यायिका अशी सांगतात: दोघांनीं शेजारीं बसून चालविण्याच्या गाडीवर स्टार्ली आपल्या मुलासह निघाला. प्रत्येकाच्या पायाखालीं एकेक चाक होतें. मुलगा तरुण, बाप प्रौढ. मुलाच्या जोरानें गाडी एका बाजूस ओढली गेली आणि दोघेही काटेरी झुडपांत जाऊन पडले. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतील यांत्रिक सत्य बिनतोड आहे. स्टार्लीच्या तीनचाकी गाड्या पुढें इतक्या नांवारूपास आल्या कीं १८८१ सालीं राणी व्हिक्टोरियानेंही त्या मागविल्या. १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें जर्मनींत आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें, तेव्हां त्या तीनचाकी मोटारींत गतिभेदक होताच. त्यानंतर मोटार आणि गतिभेदक यांची फारकत जवळजवळ झाली नाहीं.

परंतु प्रत्येक तडजोडीप्रमाणें या तडजोडींतही एक वैगुण्य आहे. तराजूची दांडी दोन्ही पारड्यांना सारखाच जोर देते. आतां एका पारड्याखालील वजनच नाहींसें झालें तर? दांडी त्या बाजूनें वर उडते आणि दुसऱ्या बाजूचें ओझें जागचें हलत नाहीं. मोटारीचें एक चाक चिखलांत रुतलें कीं हेंच घडतें. चिखलांतलें चाक गरगर फिरतें, कोरड्या जमिनीवरचें चाक ढिम्म उभें राहतें. जेथें विरोध नाहीं तेथें शक्ति व्यर्थ धांवते, आणि जेथें तिचें काम आहे तेथें ती पोंचत नाहीं. पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावर अडकलेली मोटार ज्यांनीं खांदा देऊन ढकलली असेल, त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

म्हणून स्वातंत्र्य देऊन झाल्यावर त्याला आवर घालण्याचा दुसरा अध्याय सुरू झाला. फर्डिनांड पोर्शे यानें ऑटो युनियन कंपनीसाठीं शर्यतीची मोटार आंखली. तिचें एंजिन इतकें जबर कीं मोठ्या वेगांतही मागचें एक चाक जमिनीस न जुमानतां फिरत राही. तेव्हां १९३५ सालीं झेड्-एफ् या जर्मन कारखान्याकडून असा गतिभेदक बनवून घेण्यांत आला कीं जो चाकांना कांहीं मर्यादेपर्यंतच निराळें फिरूं देईल. सर्वस्वीं बंधन नको, सर्वस्वीं मोकळीकही नको. बंधन किती आणि मोकळीक किती, हें कामावरून ठरवावें, असा हा नवा विचार होता. खेळण्यांतील ट्रकाचें सारें शास्त्र याच विचारावर उभें आहे.

आतां या कथेची दुसरी शाखा. चाकांस शक्ति दिली तरी तीं जमिनीस टेकलेलीं असलीं पाहिजेत. खड्ड्यावरून जातांना चाक हवेंत उडालें तर शक्ति कोणास द्यावयाची? जुन्या युरोपीय बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. त्या झोक्यासारख्या डोलत. १८०४ सालीं ओबडाया एलियट या इंग्रज कारागिरानें पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानी आंसावर बसवून त्यांवर गाडीचा सांगाडा ठेवला. आपल्याकडील कमानीचा टांगा व घोडागाडी हीं त्याच वंशांतलीं. परंतु कमानीला एक खोड आहे: ती धक्का घेते, पण विसरत नाहीं. एकदां दबली कीं उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. हें आंदोलन शमविण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें ट्रूफो यानें घर्षणाची युक्ति काढली, आणि थोड्याच वर्षांत हूदाय यानें तेलाचा उपयोग केला. बंद नळींतील तेल बारीक छिद्रांतून वाहण्यास विरोध करतें. त्या विरोधांत उसळी विरून जाते. कमान धक्का झेलते आणि तेल तो विसरावयास लावतें. या जोडीलाच आपले मेकॅनिक लोक शॉक-अप म्हणतात.

हें सर्व लहान खेळण्यांत कसें उतरलें? दुरून लहरींनीं वाहन चालविण्याचा मान निकोला टेस्ला याचा. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्यानें पाण्याच्या हौदांत तारेवांचून नौका चालवून दाखविली. परंतु बाजारांत विकत मिळणारी रेडिओची मोटार येण्यास आणखी बराच काळ लोटावा लागला. इटलींतील एल्-जी कंपनीनें १९६६ सालीं फेरारी मोटारीची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृति विकावयास काढली. अशा मोटारींत ती पहिल्यांपैकीं मानली जाते. जपानांतील शिझुओका शहरची तामिया कंपनी या क्षेत्रांत १९७६ सालीं पोर्शे ९३४ ची प्रतिकृति घेऊन उतरली. या प्रतिकृतीसाठीं शुनसाकू तामिया यांनीं खरीखुरी पोर्शे मोटार विकत घेऊन ती सुटी करून पाहिली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खेळणें बनविण्यासाठीं मोटार मोडणारा कारखानदार विरळा.

या पहिल्या गाड्या गुळगुळीत जमिनीच्या होत्या. १९७९ सालीं तामियानें सँड स्कॉर्चर व रफ रायडर या वाळवंटी गाड्या काढल्या, आणि चाकें वरखालीं हलूं देणारी रचना खेळण्यांत आली. १९८१ सालीं टोयोटा ट्रकाची प्रतिकृति निघाली. तिच्यांत खऱ्या ट्रकासारख्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी आणि तीन वेगांची पेटी होती. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड कंपनीनें आर-सी-टेन ही गाडी काढली. ती खेळणें म्हणून नव्हे तर शर्यतीचें यंत्र म्हणून आंखलेली होती. अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि तेलानें भरलेले शॉक-अप हें तिचें बळ. पुढच्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत तिनें बाजी मारली. इकडे अमेरिकेंत बॉब चँडलर याच्या बिगफूट या राक्षसी ट्रकानें १९८१ सालीं जुन्या मोटारी चिरडून लोकांस वेड लाविलें होतें. त्या वेडाचें प्रतिबिंब म्हणजे तामियाचा १९८७ सालचा क्लॉड बस्टर: पुढच्या व मागच्या आंसावर एकेक मोटर, आणि चारही चाकें वळणारीं.

येथें एक शंका सहज येते. गाडी लहान झाली तर तिच्या अडचणीही लहान व्हावयास नकोत काय? उलट घडतें. लांबी दहावा हिस्सा केली म्हणजे वजन हजारावा हिस्सा होतें. दोन हजार किलोच्या ट्रकाची प्रतिकृति अवघी दोन किलोंच्या आसपास भरते. परंतु रस्त्यावरचा खडा कांहीं दहापट लहान होत नाहीं. मोठा ट्रक ज्या खड्याकडे लक्षही देत नाहीं, तो या ट्रकाला धोंड्यासारखा आडवा येतो. गुरुत्वाकर्षणही कमी होत नाहीं. म्हणून दहाव्या हिश्श्याच्या उंचीवरून पडावयास त्याला तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी वेळ लागतो. सर्व उसळ्या, सर्व आदळणें तीनपट घाईनें घडतें. त्यांतच हीं यंत्रें ताशीं पन्नास किलोमीटरच्याही पुढें धांवतात. तेव्हां मोठ्या ट्रकाच्या चालकास जें नुसतें अस्वस्थ करतें, तें या ट्रकास उलथवून टाकतें. जुळवणी हा येथें शौक नसून गरज आहे.

या जुळवणीची रीत थोडी तपशिलानें सांगतों. कारण तिच्यांतच सर्व इतिहास पुन्हां भेटतो. आरंभ नेहमीं कमानींपासून करावा. बॅटरीसह ट्रक वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावा आणि तो स्थिरावल्यावर चाकांकडे जाणारे दांडे पाहावे. ते जवळजवळ आडवे असले तर उंची बरोबर आहे असें प्रारंभीं समजावें. उंची कमीजास्त करण्यासाठीं शॉक-अपवर फिरतें कडें असतें. तें आवळलें कीं स्प्रिंग कडक झाली असा समज सर्वत्र आहे. पण तो चुकीचा आहे. कडें आवळल्यानें गाडीची उंची वाढते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर व वेढ्यांवर ठरलेला असतो, तो कड्यानें बदलत नाहीं. कडकपणा बदलावयाचा तर स्प्रिंगच बदलली पाहिजे.

त्यानंतर तेल. तें सिलिकोनचें असतें, आणि त्याच्या दाटपणास अंक दिलेले असतात. तेल फार दाट झालें तर चाक खड्ड्यांत उतरावयास वेळ लावतें, गाडी खडबडीत जागीं दगडावरून दगडावर टप्पे घेत जाते. तें फार पातळ झालें तर उडी मारून उतरतांना ट्रकाचें पोट जमिनीवर आदळतें, आणि उसळी थांबत नाहीं. दोहोंच्या मधली जागा शोधावयाची. ट्रक उंच असल्यामुळें वळणावर कलंडण्याचा धोकाही असतो. त्यासाठीं डावी व उजवी बाजू जोडणारी एक पोलादी तार बसवितात. पुढची बाजू मऊ केली तर पुढच्या चाकांची पकड वाढून ट्रक चटकन् वळतो. मागची बाजू फार कडक केली तर शेपूट घसरते. एका टोकास दिलेलें सुख दुसऱ्या टोकाकडून वसूल केलें जातें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां गतिभेदक. आठव्या हिश्श्याच्या चार-चाकी शक्तीच्या गाडींत ते तीन असतात: पुढें एक, मागें एक, आणि पुढचें व मागचें यांत वांटणी करणारा मध्यें एक. त्यांच्या बंद पेटींत सिलिकोनचें दाट तेल भरतात. लहान चक्रांस या तेलांतून वाट काढीत फिरावें लागतें. म्हणून चाकांचा वेग जितका भिन्न होऊं लागेल तितका त्यांना अडथळा होतो. १९३५ सालीं झेड्-एफ् नें जें साधलें तेंच येथें दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या पेटींत तेलानें साधतें. पाण्याचा दाटपणा एक मानला तर या तेलांचा दाटपणा हजारांनीं मोजतात. पांच हजारांचें तेल साधारण मधाइतकें दाट असतें. शर्यतीच्या बग्गीस पुढें पांच हजार, मध्यें सात हजार व मागें तीन हजार ही सुरुवात रूढ आहे. जड ट्रकास याहून दाट तेल लागतें.

मधल्या पेटींतील तेल पातळ असलें कीं वेग देतांना हलकीं झालेलीं पुढचीं चाकें गरगर फिरतात, त्यांचे रबरी टायर फुग्यासारखे फुगतात, आणि मागचीं चाकें उपाशीं राहतात. चिखलांतल्या मोटारीचीच ही गोष्ट. तेथें दाट तेल घातलें कीं शक्ति मागें पोंचते; फारच दाट घातलें तर ट्रक पुढचीं चाकें उचलून उभा राहूं लागतो. पुढच्या पेटींत दाट तेल घातल्यास वळणांतून बाहेर पडतांना ट्रक नेटानें ओढला जातो, परंतु वळणांत शिरतांना नाखूष असतो. मागच्या पेटींत पातळ तेल असलें तर मागचीं चाकें जमिनीस धरून शांतपणें वळतात. दाट असलें तर सरळ रस्त्यावर जोर वाढतो, पण वळणावर शेपूट अवचित सुटते. खडकांवरून सावकाश चढणाऱ्या ट्रकांची गोष्ट याहून निराळी. तेथें एखादें चाक नेहमींच हवेंत असतें, म्हणून दोन्ही चाकें सरळ एकत्र जखडतात. पेकरच्या आधींचा जो दोष, तोच तेथें गुण ठरतो. २०१७ सालीं ट्रॅक्सस कंपनीनें टी-आर-एक्स-फोर हा ट्रक काढून चालकास दुरूनच गतिभेदक जखडण्याची व सोडण्याची सोय दिली. म्हणजे बंधन कीं मोकळीक, हा दोनशें वर्षांचा वाद आतां बोटाच्या एका खटक्यावर आला आहे.

परंतु या खटक्याबरोबर एक धोकाही आला आहे, आणि तो सांगण्यासाठींच मी आज एवढें बोललों. पूर्वीं अशीं यंत्रें बहुतेक सुट्या भागांच्या पेटींत मिळत. मुलानें एकेक दंतचक्र हातीं घेऊन तें बसवावें, शॉक-अपमध्यें तेल भरतांना हवेचे बुडबुडे निघूं द्यावे, आणि मगच गाडी चालवावी. १९९९ सालचा टी-मॅक्स व त्यासारखे तयार ट्रक आल्यापासून पेटी उघडली कीं गाडी धांवते, अशी सोय झाली. सोयीला माझा विरोध नाहीं. पण पेटी उघडून धांवलेली गाडी बिघडली कीं तीच पेटी बंद होऊन माळ्यावर जाते. शिक्षकाच्या पेशांत अनेक वर्षें काढल्यावर मला असें दिसून आलें आहे कीं शाळांतील उत्तम उपकरणें कांचेच्या कपाटांत कुलपाआड स्वच्छ राहतात, आणि मुलें तीं चित्रांतून ओळखतात. घरींही तसेंच होऊं लागलें तर आपण यंत्रांनीं वेढलेले, पण यंत्रांस न ओळखणारे लोक होऊं. ज्या देशाच्या कारागिरांनीं सुट्या चाकाची इतकी पक्की गाडी घडविली, त्या देशाच्या मुलांनीं चाकाच्या पुढचा प्रश्न दुसऱ्यांवर सोंपवावा, हें बरें दिसत नाहीं.

यासाठीं मोठा खर्च नको. घरांत असा ट्रक असेल तर आईबापांनीं मुलाबरोबर एकदां तरी त्याचा मागचा गतिभेदक उघडावा. एक चाक हातानें धरून ठेवावें आणि दुसरें फिरवावें; पेटी फिरूं न देतां एक चाक पुढें लोटलें तर दुसरें मागें कां फिरतें, हें मुलाला सांगावयास लावावें. जुळवणी करतांना दोनच नियम पाळावे: एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि तो केल्यावर ट्रक कसा चालला हें वहींत लिहावें. दोन फेरफार एकदम केले तर कोणाचें फळ कोणतें हें कधींच कळत नाहीं. ही शिस्त ज्या मुलाच्या अंगीं बाणली त्याला प्रयोगशाळेंत काय शिकवावयाचें तें अर्धें शिकवून झालें असें समजावें.

लंडनचा गाडीवाला, पॅरिसचा घड्याळजी, मँचेस्टरचा यंत्रकार, कॉव्हेंट्रीचा सायकलवाला, शिझुओकाचा खेळणेंवाला, या सर्वांनीं मिळून चाकांचा तंटा मिटविला नाहीं. त्यांनीं तो आटोक्यांत ठेवण्याची रीत शोधली. चाकांना पूर्ण बांधलें तर तीं फरफटतात, पूर्ण सोडलें तर एक उधळतें व दुसरें थांबतें. किती बांधावें व किती सोडावें, हें रस्ता पाहून ठरवावें लागतें; आणि रस्ता बदलला कीं तें पुन्हां ठरवावें लागतें.